तंबू अंगणात, सासूबाई खोलीत आणि तुम्ही मोकळ्या

पत्र :

नमस्कार काकू. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची शेती, कपाशी आणि सोयाबीन. लग्न झाल्यापासून शेगाव, माहूर आणि नात्यातली लग्नं सोडली तर कुठे जाणं झालं नाही. यंदा भाऊबीजेला पुण्याहून भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी येणार आहेत. भावाने नवे दोन तंबू घेतलेत. तो म्हणतो, मेळघाटच्या जंगलात नदीकाठी तंबू ठोकू, चूल मांडू, दोन रात्री राहू. तेव्हापासून माझी दोन्ही लेकरं (मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७) नुसती नाचताहेत. सासूबाई म्हणतात, लेकरं घेऊन जंगलात उघड्यावर निजायचं काही काम नाही. त्यांचे गुडघेही दुखतात. आमचे हे म्हणतात, वेचणीच्या दिवसांत मुक्काम कशाला, पहाटे चिखलदऱ्याला निघू, सगळे पॉइंट पाहू आणि रात्री घरी येऊ. सगळ्यांचं ऐकून वाटतं, जाऊच नये. पण जायचं मनात फार आहे. काय करू?

उत्तर :

ताई, जा. मुक्कामानेच जा आणि सासूबाईंना घेऊन जा. तुमच्या पत्रात तिघांची मतं सविस्तर आली आहेत, तुमचं मात्र शेवटच्या दोन ओळींत उरकलंय. मी त्या दोन ओळींनाच उत्तर देते आहे. बाकी तिघांचंही काही ना काही बरोबर आहे, त्यामुळे कोणाशी भांडण न करता हे जमवता येईल.

आधी भावाचं. त्याचा उत्साह मोलाचा आहे, तो मोडू नका. पण जंगलात नदीकाठी तंबू हा बेत डोक्यातून काढायला सांगा, आणि ते मी घाबरट आहे म्हणून नाही, तर ते बेकायदा आहे म्हणून. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. तिथे परवानगीशिवाय आत शिरणं, चूल पेटवणं, रात्र काढणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सिपना नदीचा काठ फोटोत फार सुंदर दिसतो हे खरं. पण दिवाळीनंतर जंगलातले नाले आटत जातात आणि जनावरं नदीवर येऊ लागतात. संध्याकाळ झाली की तो काठ त्यांचा. अस्वल हे आपल्याकडच्या जंगलातलं सर्वांत बेभरवशाचं जनावर. त्याची नजर अधू असते, माणूस एकदम समोर आला की ते दचकून अंगावर येतं. इथल्या कोरकू आदिवासींच्या गावांतली जाणती माणसंही अंधारात एकटी रानवाटेने जायचं टाळतात. मग सात वर्षांची मुलगी घेऊन आपण तिथे कशाला निजायचं?

म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर ठरलं. राहिलेलं अर्धं म्हणजे तंबूच नको, ते मला पटत नाही. जागा नीट असेल तर तंबूत निजणं हा लेकरांसाठी फार मोठा आनंद आहे आणि तो त्यांना मिळायला हवा. चिखलदऱ्यात आणि आसपासच्या गावांत, मोथ्याला, आमझरीला, राहायच्या अशा जागा मिळतात जिथे मागे-पुढे मोकळं अंगण किंवा कुंपणाचं वावर असतं. अशा ठिकाणी एक खोली भाड्याने घ्या आणि तंबू त्याच अंगणात लावा. सासूबाई खोलीत पलंगावर निजतील, संडास-मोरी जवळ असेल, रात्री मुलीला भीती वाटली तर दहा पावलांवर आजी असेल. भावाचा तंबू लागला, लेकरांची हौस झाली आणि आजीचीही सोय झाली. फोनवर खोली ठरवतानाच तीन गोष्टी स्पष्ट विचारा : अंगणात तंबू लावू द्याल का, त्याचे वेगळे पैसे किती आणि संडास कमोडचा आहे का. शेवटचा प्रश्न गुडघ्यांसाठी आहे, विचारायला लाजू नका. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस सहलीला नाही म्हणतं ते बरेचदा याच एका गोष्टीसाठी, आणि ते बोलून दाखवत नाही. खोली खालच्या मजल्यावरची घ्या.

वनखात्याची आणि पर्यटन महामंडळाचीही निवासं आहेत. सेमाडोह आणि कोलकासला वनखात्याची, चिखलदऱ्यात महामंडळाचं. ती आधी आरक्षित करावी लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीत लवकर भरतात. तिथे राहणार असाल तर आवारात तंबू चालतो का, हे त्यांनाच विचारा. गृहीत धरू नका.

आता तुमच्या मालकांचं. वेचणीची काळजी रास्त आहे. पांढरं सोनं झाडावर असताना शेतकऱ्याचा पाय घराबाहेर निघत नाही, हे मी अचलपूरच्या माहेरी लहानपणापासून पाहिलंय. पण सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झालं, पहिला वेचा घरात आला आणि हरभरा पेरून झाला की दुसऱ्या वेच्यापर्यंत पंधरा-वीस दिवसांची फट मिळते. ती तारीख त्यांनाच ठरवू द्या. ‘केव्हा जमेल ते तुम्ही सांगा, पण दोन रात्रींचं सांगा’, असं म्हणा. बेत त्यांच्या तोंडून ठरला की तो त्यांचाही होतो. गुराढोरांचं आणि दुधाचं पाहायला शेजारी किंवा चुलत घर असेलच. त्यांच्या लग्नकार्याच्या वेळी तुम्हीही पाहिलं असेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र निघू नका. त्या दिवसांत अख्खा अमरावती-अकोला जिल्हा चिखलदऱ्यात असतो, घाटात गाड्यांना गाड्या लागतात. भावाची सुट्टी बघून सोमवार-मंगळवार धरा.

एका दिवसात जाऊन येण्याला माझा साफ विरोध आहे. दर्यापूरहून अंजनगाव, परतवाडा करत वर जायचं आणि परत यायचं तर पाच-सहा तास गाडीतच जातात. नोव्हेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. मग उरलेल्या वेळात होतं काय? गाडीतून उतरा, कठड्याशी उभे राहा, फोटो काढा, चला पुढच्या पॉइंटला. लेकरं भुकेली, आजी गाडीतच बसून आणि दिवसभराने थकलेला माणूस अंधारात घाट उतरतोय. परतवाड्याकडून जाताना धामणगाव गढी सोडलं की घाट लागतो. वळणं अवघड आहेत. तो उजेडातच चढावा आणि उजेडातच उतरावा. चिखलदरा पाहायचा तो सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. नेमक्या याच दोन वेळा एका दिवसाच्या सहलीत रस्त्यात जातात.

तंबूबद्दल थोडं खोलात सांगते, कारण पहिल्यांदा लावणारे इथेच चुकतात. आधी घरी अंगणात एकदा उभा करून पाहा. भाऊबीजेच्या संध्याकाळी लेकरांना तेच काम द्या. डोंगरावर जागा निवडताना उजेड असताना आडवं झोपून पाहा. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जमिनीलाही उतार असतो, आणि डोकं उताराकडे आलं तर रात्रभर झोप नाही. मुंग्यांचं वारूळ, शेणाचा ढीग, झाडाची वाळकी फांदी यांच्या खाली-शेजारी नको. सगळ्यात मोठी अडचण जमिनीचीच आहे. चिखलदऱ्याचं पठार काळ्या पाषाणाचं, वर हातभर मुरूम. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या त्यात वाकतात, आत जात नाहीत. घरून बैल बांधायच्या दोन-चार लोखंडी खुंट्या आणि घण न्या, शिवाय सुती दोर. खुंटी जाईनाच तर दोर मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. पठारावर रात्री वारा सुटतो, म्हणून दार वाऱ्याच्या उलट बाजूला हवं. खाली ताडपत्री अंथरा, पण ती तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावली तर दंवाचं पाणी तिच्यावरून ओघळून थेट गादीखाली येतं. हो, थंडीच्या दिवसांत दंव फार पडतं आणि आपल्या श्वासानेही तंबू आतून ओला होतो. वरच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या तर सकाळी पांघरुणं कोरडी राहतात.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. आपल्या पूर्णाकाठच्या सपाटीपेक्षा तिथे दिवसाही चार-पाच अंश कमी असतं आणि रात्री चांगलाच गारठा पडतो. दर्यापूरच्या अंदाजाने कपडे भरू नका. प्रत्येकाला कानटोपी, स्वेटर आणि घरची वाकळ. खाली अंथरायला वरच्या पांघरुणाइतकंच जाड हवं, गारठा जमिनीतूनच जास्त येतो.

आणि हे एक कागदावर लिहून भावाला दाखवा : तंबूच्या आत शेगडी, कोळसे, स्टोव्ह काहीही पेटवायचं नाही, विझत आलेले निखारेसुद्धा आत न्यायचे नाहीत. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेत माणूस संपतो. थंडी वाजली तर अंगावर कपडे वाढवा. ते जमलं नाही तर सरळ खोलीत या.

सापाची भीती सासूबाईंना असेल, ती खोटी नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचं कळतही नाही. पण चेनने पूर्ण बंद होणारा, तळ शिवलेला तंबू हे त्यावरचं चांगलं संरक्षण आहे. चेन लेकरांनी उघडी ठेवू नये एवढं पाहायचं. रात्री बाहेर जाताना बॅटरी, पायात बूट, आणि बूट घालण्याआधी झटकायचे. खायचा एक दाणाही तंबूत ठेवायचा नाही. तरीही कोणाला काही चावलंच, तर मंत्र-तंत्र, चिरा देणं, पट्टी आवळणं काही नको. हातपाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय. पोचल्याबरोबर ही दोन्ही ठिकाणं आणि तिथे जाणारी एखादी गाडी मुक्कामाच्या मालकाला विचारून ठेवा, कारण घाटात आणि जंगलात फोनला रेंज असेलच असं नाही.

सापापेक्षा कमी बोललं जाणारं एक सांगते. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात बारीक कोळ्यासारखे किडे असतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये आपल्या विदर्भात याची साथ आली होती आणि माणसं गेली होती. गवतात थेट बसू-लोळू नका, लेकरांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला, मुक्कामावर आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे बदल. घरी परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत कोणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘डोंगरात गवतात फिरलो होतो’ हे आपणहून सांगा. अंगावर कुठे काळी खपली दिसते का तेही बघा, काखेत, जांघेत, कमरेला. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. भावाने ‘चूल मांडू’ म्हटलंय. ताई, ती चूल कोण फुंकणार? सात-आठ माणसांच्या भाकरी, चहा, लेकरांचं दूध, परत भांडी, पाणी दुरून आणायचं. घरी निदान ओटा आहे, नळ आहे. डोंगरावर जाऊन तुम्ही आणि वहिनी दोघी धुरात बसणार असाल आणि बाकीचे सूर्यास्त पाहून येणार असतील, तर ती सहल तुमची नाही. दोन वेळचं जेवण मुक्कामाच्या ठिकाणी किंवा गावातल्या खानावळीत ठरवून टाका. घरून तीन दिवस टिकेल असंच न्या : धपाटे, जवसाची चटणी, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा. ते करायलाही वहिनीला आणि मुलीला हाताशी घ्या. एका संध्याकाळी रोडग्यांची हौस करायची तर जागेच्या मालकाच्या परवानगीने, त्याच्याच अंगणातल्या चुलीच्या जागी करा, आणि त्या दिवशी गोवऱ्या पेटवणं, रोडगे भाजणं, वांग्याची भाजी हलवणं हे दोघा पुरुषांचं काम. आपल्याकडे देवळातल्या भंडाऱ्याला हजार माणसांचा स्वयंपाक पुरुषच करतात, इथेही त्यांना जमेल. विझवताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत थांबा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलेलं असतं.

पाहायचं काय? सगळे पॉइंट करायचे नाहीत, हे आधीच ठरवा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, तंबू लावा आणि संध्याकाळी एकच ठिकाण, गाडी जवळ जाते असं. कड्याच्या टोकाशी खुर्ची किंवा बाज टाकून सासूबाईंना बसवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दरीत धुकं भरलेलं असतं, ते पाहायला लेकरांना पहाटे उठवा. मग भीमकुंड. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं आणि त्या कुंडात हात धुतले, ही कथा सासूबाईंना येत असेलच. ती त्यांनीच नातवंडांना तिथे उभं राहून सांगावी. कड्यांना जिथे आग्या मोहोळ लटकलेलं दिसेल तिथे आरडाओरडा, धूर, दगड काही नको. वानरांना खायला घालू नका, पिशवी हिसकतात आणि लहान मुलांना चावतात.

गाविलगडाला एक अख्खी सकाळ द्या. अहमदशहा बहमनीने १४२५ मध्ये बांधलेला हा किल्ला. दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, मुलाला तो शोधायला लावा. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाडचं नशीब बदललं. आपल्या मुलांच्या पुस्तकात रायगड-सिंहगड भरपूर असतात आणि ते असावेतच. पण आपल्याच जिल्ह्यातला हा किल्ला त्यांनी पाहिलेला नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. किल्ला वनखात्याच्या हद्दीत आहे, म्हणून सकाळीच जा आणि दुपारी बाहेर या. आत बरीच पायपीट आहे. सासूबाईंना त्या वेळी मुक्कामावर आराम करू द्या, सोबतीला एका जणाने थांबायचं, आणि ते दर वेळी तुम्हीच असू नये. मुक्तागिरीचा मोहही या फेरीत टाळा. ५२ मंदिरं आणि धबधबा असं सुंदर ठिकाण आहे, पण पायऱ्या भरपूर.

दुपारी कॉफीची बाग बघा. महाराष्ट्रात कॉफीची झाडं दिसणं दुर्मीळच. गवळ्यांच्या म्हशींच्या दुधाचा खवा आणि रबडी इथली प्रसिद्ध आहे. खवा आटवताना बघायला मिळाला तर जरूर थांबा : मोठ्या कढईत दूध कडेला सरकत घट्ट होत जातं आणि उलथणं एक क्षण थांबत नाही. तुम्हाला दुधातलं कळतं, खवा आटवणाऱ्या बाईशी बोलायला तुम्हाला विषय शोधावा लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी लवकर आवरलं तर सेमाडोहपर्यंत गाडीने जाऊन या. रस्ताच पाहण्यासारखा आहे, सागाचं जंगल आणि बाजूने सिपना. वाघ दिसेल असं लेकरांना सांगू नका, डोंगराळ दाट जंगलात तो सहसा दिसत नाही. रानगवा, सांबर, भेकर यांची आशा ठेवा. आणि मुलाला रानपिंगळ्याची गोष्ट सांगा. १८८४ नंतर हा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कोणालाच सापडला नव्हता, संपला असंच धरलं होतं. १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही मिळाला. हा पिंगळा दिवसा हिंडतो, त्यामुळे सागाच्या उघड्या फांद्यांवर नजर ठेवायची. वाटेत कोरकू गावं लागतील, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओळीने घरं आणि सारवलेल्या स्वच्छ ओसऱ्या. बायका-लेकरांचे फोटो न विचारता काढू नका, भावाला हे निघतानाच सांगा. आपल्या अंगणात येऊन कोणी असे फोटो काढले तर आपल्याला चालेल का?

आता आजच दोन कामं करा. भावाला फोन करा आणि सांगा : खोली तू शोध, अंगण असलेली, खालच्या मजल्यावरची. भाडं लेखी घे, तंबूचं विचारून घे. मग जेवण झाल्यावर सासूबाईंजवळ बसा आणि त्यांना विचारा, लहानपणी किंवा लग्नानंतर तुम्ही चिखलदऱ्याला कधी गेला होता का. तुमच्या मालकांशी तारखेचं बोलणं त्यानंतर, सासूबाई समोर असतानाच करा.